धावणाऱ्यांच्या पोटातले पाणी

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचा आमचा पट्टा वर्षानुवर्षे एकाच प्रकारच्या धावण्यासाठी ओळखला जात होता. हातात डब्याची पिशवी, नजर इंडिकेटरवर आणि पाय पुलाच्या पायऱ्यांवर. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र या पट्ट्यात दुसरे एक धावणे रुजले आहे. रविवारी पहाटे उपवन तलावाच्या काठी, येऊरच्या चढावर, डोंबिवलीत घरडा सर्कलजवळच्या क्रीडासंकुलाच्या आसपास किंवा कल्याणच्या काळ्या तलावाभोवती फेरी मारावी. शाळकरी मुलांपासून पासष्टीच्या आजोबांपर्यंत सगळे धावताना दिसतात. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन भर पावसाळ्यातली. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, तेव्हापासून जानेवारीतल्या त्या रविवारी पहाटेच्या लोकलमध्ये धावण्याचे बूट घातलेले प्रवासी दिसू लागले.

मी स्वतः धावत नाही. बत्तीस वर्षे बँकेत काढली आणि नंतर कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही कामे बसून करायची. पण सकाळच्या फेरीला जातो आणि धावून आलेली मंडळी कठड्यावर बसून काय बोलतात ते ऐकतो. गुडघे आणि वेळ यांच्या खालोखाल त्यांच्या गप्पांचा विषय म्हणजे पोट. कुणाला सोळाव्या किलोमीटरला मळमळले, कुणाला कळा आल्या, कुणाला रस्त्यालगतच्या हॉटेलवाल्याची विनवणी करून आत जावे लागले. मग उपायांची देवाणघेवाण होते. कुणी गोड बाटलीबंद पेय सुचवतो, कुणी ‘चांगल्या जंतूंच्या’ कॅप्सूल, कुणी ओआरएस. या तिन्हींमध्ये फरक काय, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. तो फरक नीट समजावून घेण्याची वेळ आता आली आहे, कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या एका निर्णयाचा संबंध थेट आपल्या घरातल्या औषधांच्या कप्प्याशी आहे.

आधी पोटाचे काय होते ते पाहू. माणूस दोन-तीन तास धावतो तेव्हा रक्ताची मागणी पायांच्या स्नायूंकडून आणि अंग थंड ठेवणाऱ्या त्वचेकडून येते. शरीर ती भागवते आतड्याच्या वाट्यातून. कष्ट जास्त झाले की आतड्याकडे जाणारे रक्त नेहमीच्या एक-पंचमांशापर्यंत खाली येऊ शकते. इतक्या तुटपुंज्या रसदीवर आतड्याचे अस्तर दुखावते, पचन मंदावते, आणि जे खाल्ले-प्यायले ते पोटातच डुचमळत राहते. त्यात आपल्याकडची दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, अंग तापतच राहते. पावसात धावणाऱ्याला तर घाम आल्याचा पत्ताही लागत नाही. घामाबरोबर पाणी जाते आणि मीठही जाते. म्हणजे पोट दुबळे झालेले असते नेमके त्याच वेळी त्याच्याकडून पाणी आणि मीठ शोषून घेण्याचे काम करून घ्यायचे असते.

हे काम आतडे कसे करते, याचा उलगडा १९६० साली रॉबर्ट क्रेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने केला. आतड्याच्या भिंतीत एक दार असे आहे की तिथून ग्लुकोज आणि मिठातले सोडियम जोडीनेच आत शिरतात. एकट्याला प्रवेश नाही. ही जोडी आत गेली की तिच्यामागे पाणी आपोआप ओढले जाते. डोंबिवलीकरांना हे समजावून सांगायला नको. दारात दोघे नीट आत सरकले की मागची रांगही आत जाते. पण ग्लुकोजची गर्दी प्रमाणाबाहेर झाली तर सगळे उलटते. न शोषलेली साखर आतड्यात साचते आणि रक्तातलेच पाणी आतड्याकडे खेचते. जुलाब थांबायचे ते वाढतात. सगळा प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि पुढची सगळी कथाही प्रमाणाचीच आहे.

या ज्ञानाचे सोने केले आपल्याच देशात. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येत होते. सीमेजवळच्या बनगाव इथल्या छावणीत पटकीची साथ पेटली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते आणि रुग्ण रुग्णालयाच्या जमिनीवर पडले होते. तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाकिटे भरवून घेतली, पिंपांत पाणी कालवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पेल्याने ते पाजायला सांगितले. अशा साथीत शंभरातले वीस-तीस दगावत. त्यांच्या देखरेखीखाली ते प्रमाण चारच्या आत आले. परिचारिका नाही, सुई नाही, निर्जंतुक बाटली नाही. फक्त मापात कालवलेले पाणी आणि ते पाजणारी आई. पुढे १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या उपचाराला शतकातल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय शोधांच्या पंक्तीत बसवले. आपण मराठीत त्याला ‘जलसंजीवनी’ म्हणू लागलो. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने या मिश्रणाचे माप २००२ साली पुन्हा बेतले. एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. त्याआधीच्या सूत्रात ग्लुकोज २० ग्रॅम होते. साडेसहा ग्रॅमांची ती कपात करण्यासाठी अनेक देशांत वर्षानुवर्षे चाचण्या झाल्या, कारण माप थोडे खाली आणले की मुलांचे जुलाब कमी होतात आणि सलाइन लावण्याची पाळी कमी वेळा येते, असे दिसून आले होते. वाचकांनी हे साडेसहा ग्रॅम लक्षात ठेवावेत. कारण आपल्या बाजारात नंतर जे घडले ते साडेसहा ग्रॅमांचे नव्हते.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या सुनेला लांबची धाव करून आल्यावर जुलाब सुरू झाले. मी जवळच्या औषधाच्या दुकानात गेलो आणि ओआरएस मागितले. काउंटरवरच्या पोऱ्याने फ्रिज उघडला आणि रंगीत खोका पुढे केला. “काका, हे घ्या. थंड आहे आणि चवीलाही छान.” खोक्यावर ती तीन अक्षरे ठळक होती. मी चष्मा लावून मागची बाजू वाचली. पेयातली साखर सरबताच्या वळणाची होती, आणि हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नाही, अशी कबुली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत दिलेली होती. मी म्हटले, “अरे, पावडरचे पाकीट दे.” तो म्हणाला, “ते आता कोण नेत नाही हो काका.” तरी मागच्या खणातून शोधून दिले. वडापाव आणि कटिंगच्या पैशांत आले.

बँकेत आम्हाला पहिल्या वर्षी शिकवत, की कागदावर वर काय लिहिले आहे त्यापेक्षा खाली काय लिहिले आहे ते आधी वाचा. हमीपत्राच्या मथळ्यात ‘बिनशर्त’ असते आणि अटी मागच्या पानावर असतात. तो खोका मला तसल्याच हमीपत्रासारखा वाटला.

माझ्यासारख्या निवृत्ताला जे एका दुकानात दिसले ते हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांना रोज दवाखान्यात दिसत होते. जुलाबाने कोमेजलेली मुले, आणि आईबाप सांगतात की ओआरएस देतोय, तरी बरे वाटत नाही. ते ‘ओआरएस’ म्हणजे हे गोड पेय. काही पेयांत लिटरमागे शंभर ग्रॅमांहून अधिक साखर असल्याचे त्यांनी दाखवून दिले. कुठे साडेतेरा आणि कुठे शंभर! त्यांनी आठ-एक वर्षे लढा दिला, न्यायालयात गेल्या. जुलै २०२२ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, खाली खुलासा छापला तर अशा पेयांच्या व्यापारी नावात ही अक्षरे वापरायला मुभा दिली होती. फेब्रुवारी २०२४ च्या आदेशानेही ती कायम राहिली. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी प्राधिकरणाने ती मागे घेतली. प्रमाणित सूत्र नसलेल्या कुठल्याही पेयाच्या नावात, मागे-पुढे काहीही जोडून, ही अक्षरे वापरायची नाहीत, असा आदेश निघाला. काही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, जुना साठा तरी विकू द्या म्हणाल्या. पण न्यायालयाने बंदीत हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

एका डॉक्टरबाईंच्या चिकाटीचा हा विजय आहे, यात शंका नाही. तरीही वाचकांनी निर्धास्त होऊ नये. बंदी नावावर आहे, पेयावर नाही. तेच पेय दुसरे नाव धारण करून त्याच फ्रिजच्या त्याच फळीवर बसू शकते, आणि पोऱ्या तेवढ्याच प्रेमाने “काका, हे घ्या” म्हणू शकतो. गोड पेय विकणे हा गुन्हा नाही. फक्त आजाऱ्याच्या हातात ते औषध म्हणून पडता कामा नये. ती राखण शेवटी गिऱ्हाइकालाच करायची आहे.

आता धावणाऱ्यांकडे येऊ. त्यांचा प्रश्न आजारी मुलापेक्षा थोडा वेगळा आहे. तासाभराच्या धावेला साधे पाणी पुरते. त्यापुढे पोटात काही साखर जाणे गरजेचे होते, कारण स्नायूंना जळण हवे. दीर्घ धावेत ताशी ३० ते ६० ग्रॅम पिष्ट-शर्करा घ्यावी, असा क्रीडावैद्यकातला रूढ सल्ला आहे. केळे, खजूर, चिक्की किंवा क्रीडापेय, काहीही चालते. मात्र सोबत पाणी हवे आणि शर्यतीआधी काही आठवडे सरावात ते खाऊन पाहिलेले हवे. पायांसारखी पोटालाही तालीम लागते. ओआरएसमध्ये सोडियम सामान्य क्रीडापेयापेक्षा कितीतरी जास्त आणि साखर कमी असते. म्हणून भरपूर घाम गेल्यावर किंवा जुलाब-उलट्या झाल्यावर ते कामाचे. जळण म्हणून ते अपुरे. ज्यांना रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी एवढे मीठ घेण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

आणि पाणी? तेही प्रमाणातच. ‘तहान लागण्याआधी प्या, जमेल तितके प्या’ असा उपदेश अनेक वर्षे केला गेला. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचे रक्त तपासले, तेव्हा शंभरातल्या तेरांच्या रक्तातले सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलेले आढळले. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्याच शर्यतीत एक तरुण धावपटू यामुळेच दगावली होती. कारण पाण्याचा तुटवडा नव्हता, अतिरेक होता. यात विशेष सांभाळायचे कुणी? चार तासांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्यांनी, वाटेतल्या प्रत्येक टेबलावर थांबून दोन-दोन पेले रिचवणाऱ्यांनी. म्हणजे आमच्या कट्ट्यावरच्या पन्नाशी-साठीच्या मंडळींनीच. तहान हे निसर्गाने दिलेले मीटर आहे, त्याचे ऐकावे. शर्यतीआधी खबरदारी म्हणून वेदनाशामक गोळी घेण्याची जी सवय काहींना लागली आहे तीही सोडावी. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रक्ताला मुकलेल्या आतड्याला आणि मूत्रपिंडाला आणखी इजा करतात.

राहिले चांगले जंतू. ही कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले इल्या मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आंबवलेल्या दुधाचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला. त्यांना १९०८ साली नोबेल मिळाले ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे. ‘प्रोबायोटिक’ची आजची मान्य व्याख्या २००१ सालची. पुरेशा संख्येने घेतल्यावर शरीराला उपकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव, एवढाच तिचा अर्थ. यातले ‘पुरेशा’, ‘जिवंत’ आणि ‘उपकारक’ हे तिन्ही शब्द सिद्ध करावे लागतात, आणि तेही प्रत्येक वाणासाठी वेगळे. बासमती आणि कोलम दोन्ही तांदूळच, पण एकाच्या गुणावर दुसऱ्याचा भाव ठरत नाही, तसे हे आहे.

पुरावा काय सांगतो? ओडिशात साडेचार हजारांवर नवजात बालकांना एका विशिष्ट वाणाचे जंतू दिले तेव्हा जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून चाळीस टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २०१७ साली आला. उलट जुलाब झालेल्या मुलांना दुसऱ्या एका नामांकित वाणाचा काहीच लाभ झाला नाही, असे २०१८ साली उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत निघाले. धावपटूंचे पाहायचे तर २०११ साली इंग्लंडमध्ये अशा जंतूंचे पेय सोळा आठवडे घेणाऱ्या व्यायामपटूंना सर्दी-पडसे कमी वेळा झाले. २०१९ साली मॅरेथॉनआधी चार आठवडे कॅप्सूल घेणाऱ्यांना शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात पोटाचा त्रास कमी जाणवला, पण ती चाचणी अवघ्या चोवीस जणांवर होती आणि त्यांची वेळ काही सुधारली नाही. थोडक्यात, काही वाणांनी काहींना थोडा दिलासा मिळू शकतो. त्यापलीकडचे जे दावे डबीवर असतात त्यांना अजून तारण नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ सालीच मार्गदर्शक तत्त्वे काढली. डबीवर जंतूची जात, प्रजाती आणि नेमका वाण, मुदत संपेपर्यंत टिकणारी किमान संख्या आणि साठवणुकीची रीत हे सगळे असावे, असे त्यांत म्हटले आहे. घेणाऱ्याने एवढे तरी वाचावे. नाव अर्धवट असेल तर पैसे पूर्ण देऊ नयेत. आणि घरचे दही? त्यातही जिवंत जंतू असतात. पण कोणते आणि किती, हे विरजणावर आणि हवेवर अवलंबून, म्हणून शास्त्राच्या काटेकोर भाषेत त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. अर्थात त्याने दह्याचे काही बिघडत नाही. धावून आल्यावर मीठ-जिरे घातलेले ताक म्हणजे पाणी, मीठ आणि प्रथिने एकत्र. जुलाबात पाकीट हाताशी येईपर्यंत मीठ घातलेली भाताची पेज किंवा ताक द्यायला जागतिक आरोग्य संघटनेचीही ना नाही.

मराठी माणसाचे लांब धावणे आजचे नाही. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. तो संघ पाठवण्यात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा आणि सर दोराबजी टाटांचा पुढाकार होता. आणि स्वतःला धावपटू न म्हणवणारे तर लाखो आहेत. आषाढीला आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर चालणारे वारकरी आहेत. रामनवमीच्या सुमारास मुंबई-ठाण्याकडून शिर्डीच्या पालख्यांबरोबर भर उन्हात कसारा घाट चढणारी पोरे आहेत. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेची पाठ पटकीने सोडली नव्हती. या माणसांना महागड्या कॅप्सूल परवडणार नाहीत, आणि त्यांची गरजही त्यांना नाही. त्यांना स्वच्छ पाणी आणि खरे पाकीट हवे.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या महापालिकांकडे आणि शर्यती भरवणाऱ्या मंडळांकडे मागणे थोडेच आहे. पाण्याच्या टेबलांपैकी काहींवर प्रमाणित ओआरएस मापाने कालवून ठेवावे, आणि ते कालवणाऱ्या स्वयंसेवकाला मोजण्याचे भांडे द्यावे. लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात ओतणे किंवा चिमटी-चिमटीने टाकणे, दोन्ही चूक. कालवलेले चोवीस तासांनंतर फेकावे. हेच धडे महापालिकांच्या शाळांतही द्यावेत. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. हे गणित चौथीच्या मुलालाही येईल. पावसाळ्यात जुलाबांबरोबर ताप असेल, रक्त पडत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर मात्र धावण्याला दोष देत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

बनगावच्या छावणीतले सूत्र सगळ्या जगासमोर उघडे आहे. ते कुणाच्या मालकीचे नाही, म्हणून त्याची जाहिरात कुणी करत नाही, आणि म्हणूनच त्याचे नाव दुसऱ्याने वापरणे सोपे गेले. आदेशाने ते नाव आता परत मिळाले आहे. औषधांच्या दुकानात यापुढे खोका हातात आला, की तो उलटा करून साखरेचा आकडा वाचावा. लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असेल, तर ती जलसंजीवनी. त्याच्या कितीतरी पट साखर असेल, तर ते सरबत आहे. पाहुण्यांना द्यावे, आजाऱ्याला नाही.